ब्रिटनमधल्या नोकरीत वंशभेद झाला तर: पहिल्या संध्याकाळपासून ट्रिब्युनलपर्यंत

माझं स्वतःचं प्रकरण ट्रिब्युनलपुढे, म्हणजे नोकरीच्या वादांच्या न्यायालयापुढे, गेलंच नाही, कारण मी शहाण्यासारखी वाट बघत बसले. इंग्लंडमधली पहिली नोकरी, एक खासगी प्रयोगशाळा. तीन वेळा सीनियरची जागा निघाली आणि तिन्ही वेळा ती माझ्याकडून काम शिकलेल्या गोऱ्या मुलांना मिळाली. तिसऱ्या वेळी मॅनेजर सहज बोलून गेला की क्लायंटशी बोलायला 'आपल्यातलं' कुणी असलं की बरं पडतं. मी रीतसर लेखी तक्रार केली. 'चौकशी चालू आहे' असं सांगत एचआरने साडेचार महिने काढले आणि मग पुरावा आढळला नाही असं पत्र हातात ठेवलं. तेव्हा कुठे मी सल्ला घ्यायला गेले. समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, घटनेची तारीख काय? मी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पुढे मी हॉस्पिटलच्या नोकरीत आले, युनियनची प्रतिनिधी झाले, आणि नर्स, आयटीवाले, वेअरहाऊसवाले, केअर होममध्ये काम करणाऱ्या मावश्या अशा बऱ्याच जणांबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फॉर्म भरले. जे शिकले ते इथे लिहितेय. मी वकील नाही, आणि हा लेख वकिलाची जागा घेणार नाही. पण वकिलाकडे जाईपर्यंत हातातून काय काय निसटू शकतं, ते मला नीट ठाऊक आहे.

इथलं सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. तिथे २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट चालतो. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा, १९९७ चा.

आधी कॅलेंडर

ट्रिब्युनलमध्ये जायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांत एक दिवस कमी, एवढी. घटना मंगळवारी ४ मार्च २०२५ ला घडली असेल, तर शेवटचा दिवस ३ जून. त्या दिवसापर्यंत अ‍ॅकास नावाच्या सरकारी संस्थेकडे 'अर्ली कन्सिलिएशन'ची, म्हणजे दाव्याआधी समेटाच्या प्रयत्नाची, नोंद झालीच पाहिजे. त्याशिवाय ट्रिब्युनल अर्ज घेत नाही.

कंपनीतली तक्रार चालू असली तरी हे घड्याळ थांबत नाही. एचआरने 'निर्णय येईपर्यंत थांबा' म्हटलं तरी थांबत नाही. अपील बाकी असलं तरी नाही. कंपनी मुद्दाम वेळ काढते असं माझं म्हणणं नाही (काही काढतात), पण त्यांचा वेळ तुमच्या खात्यातून वजा होतो.

अ‍ॅकासकडे नोंद केली की मात्र घड्याळ थांबतं. समजा २० मेला नोंद केली आणि १० जूनला अ‍ॅकासचं सर्टिफिकेट आलं. मधले एकवीस दिवस मोजायचे नाहीत, आणि सर्टिफिकेटनंतर किमान एक महिना मिळतो, म्हणून या उदाहरणात अर्जाचा शेवटचा दिवस १० जुलै. हेच ४ जूनला अ‍ॅकासला फोन केला असता, तर सर्टिफिकेट मिळालं असतं पण गेलेली मुदत परत आली नसती.

त्रास एकदाच न होता महिनोन्महिने चालला असेल, तर साखळीतल्या शेवटच्या घटनेपासून मुदत मोजता येते. पण ती साखळी आहे हे न्यायाधीशाला पटवावं लागतं. उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे, पण त्या भरवशावर राहू नका. माझा नियम सोपा आहे: ज्या घटनेवर तुमचा सगळ्यात जास्त भर आहे, तिच्यापासून मोजा आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टमध्ये ही मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद आहे. ती तुमच्या घटनेच्या तारखेला लागू होते का, हे अ‍ॅकासच्या हेल्पलाइनवर (०३०० १२३ ११००) विचारून घ्या. तोवर तीनच महिने धरा.

त्याच संध्याकाळी

घरी आल्यावर आपण काय करतो? नवऱ्याला किंवा बायकोला सांगतो, पुण्याला आईला फोन करतो, आई म्हणते 'जाऊ दे गं, कामाशी काम ठेव', आणि आपण झोपतो. त्याआधी दहा मिनिटं काढून लिहा. वही चालेल, फोनमधली नोट चालेल, स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवलेला ईमेल सगळ्यात उत्तम, कारण त्यावर वेळ आपोआप पडते.

लोक लिहितात ते असं असतं: 'आज पुन्हा ड. ने त्रास दिला. फार वाईट वाटलं.' सहा महिन्यांनी याचा काही उपयोग होत नाही. उपयोगी पडणारी नोंद अशी असते:

'मंगळवार ४ मार्च २०२५, दुपारी १.४०, दुसऱ्या मजल्यावरचं किचन. मी मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करत होते, मेथीची भाजी. ड. आत आला, नाक धरून म्हणाला (पुढे त्याचे इंग्रजी शब्द जसेच्या तसे). र. आणि स. तिथे होते. स. हसली. र. बोलला नाही, मोबाइल बघत राहिला. मी डबा उचलून जिन्यात जाऊन खाल्ला. २.१० ला र. ला मेसेज केला, त्याचं उत्तर आलं: सॉरी, मी काहीतरी बोलायला हवं होतं. हे रात्री साडेआठला लिहिलं.'

मेथीची भाजी कशाला, असं तुम्हाला वाटेल. उलटतपासणीत जेव्हा विचारतात, 'तुम्हाला इतकं नेमकं कसं आठवतं?' तेव्हा असले तपशीलच उभे राहतात. आणि एक गोष्ट फक्त आपल्यासाठी: बोललेले शब्द ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत लिहा. मराठीत भाषांतर करून नोंद ठेवली आणि नंतर ती परत इंग्रजीत नेली, की शब्द बदलतो. मग समोरचा वकील अर्धा तास त्या एका शब्दावर घालवतो.

र. चा तो मेसेज पुन्हा बघा. त्या दिवशी, त्या क्षणी साक्षीदार सहज बोलतो. तीन महिन्यांनी तोच म्हणतो, 'प्लीज, मला मध्ये घेऊ नकोस, माझंही घर आहे.' म्हणून लगेच एक साधा मेसेज करा, 'आज दुपारी जे झालं ते तुला कसं वाटलं?' एवढाच. त्याच्या तोंडात शब्द घालू नका.

नेमकं काय झालं, त्याला नाव द्या

कायद्यात 'रेस' म्हणजे फक्त कातडीचा रंग नव्हे. राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ आणि राष्ट्रीय मूळ हे सगळं त्यात येतं. तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असला तरी तुमचं मूळ भारतीय असणं त्यात येतंच. नोकरीला एक दिवस झाला असो की दहा वर्षं, एजन्सीमार्फत असाल किंवा नुसता अर्ज केला असेल, तरी हे संरक्षण आहे. भारतातल्या कंपनीने तुम्हाला इथे प्रोजेक्टवर पाठवलंय आणि मॅनेजर हिंजवडीत बसून कॉलवर बोलतो, अशा स्थितीतही काम इथे चालत असेल तर हा कायदा लागू होतो.

भेदभावाचे मुख्य प्रकार चार. थेट भेदभाव म्हणजे वंशामुळे तुम्हाला दुसऱ्यापेक्षा वाईट वागवलं. माझं प्रमोशन त्यातलं. छळ, म्हणजे हॅरॅसमेंट, हा दुसरा: वंशाशी जोडलेलं नकोसं वागणं, ज्याने तुमचा मान जातो किंवा कामाची जागा अपमानास्पद होते. 'अरे, गंमत केली' हे यावर पुरेसं उत्तर होत नाही, कारण हेतू तसा नसला तरी परिणाम तसा झाला का, हेही कायदा बघतो. मात्र तो परिणाम वाजवी होता का, हे ट्रिब्युनल तपासतं. तिसरा प्रकार सूडाचा, व्हिक्टिमायझेशन: तुम्ही तक्रार केली किंवा दुसऱ्यासाठी साक्ष दिली म्हणून तुमचा रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) बिघडला, सुट्टी नाकारली गेली. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी, ती तुम्ही खोटी आणि वाईट हेतूने केलेली नसेल, तर हे संरक्षण टिकतं. माझ्या बघण्यात मूळ भेदभावापेक्षा हा तिसरा प्रकार सिद्ध करणं अनेकदा सोपं जातं, कारण तारखा एकापाठोपाठ एक स्पष्ट दिसतात: सोमवारी तक्रार, गुरुवारी बदली.

चौथा अप्रत्यक्ष भेदभाव, आणि तो लोकांना पटकन कळत नाही. नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण एका गटाला जास्त लागतो आणि मालकाला त्याचं योग्य कारण देता येत नाही. 'किमान पाच वर्षांचा ब्रिटनमधलाच अनुभव हवा' हे एक उदाहरण. दुसरं उदाहरण भाषेचं, आणि त्यावर मला रोज प्रश्न येतात. पेशंटसमोर किंवा हँडओव्हरच्या वेळी इंग्रजीतच बोला, असा नियम बहुधा टिकेल, कारण त्यामागे सुरक्षिततेचं कारण आहे. पण चहाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून दोघी मराठीत बोलल्या म्हणून लेखी ताकीद? त्याचं कारण द्यायला मालकाला बराच घाम फुटेल. आणि पोलिश मुली पोलिशमध्ये बोलतात त्यांना कुणी काही म्हणत नसेल, तर तो थेट भेदभावच.

नावाचं काय? 'ज्ञ' म्हणता येत नाही यात कुणाचा दोष नाही. आपल्याकडेही परदेशी नावांची कमी वाट लागत नाही. पण माझ्याकडे आलेली ज्ञानदा दोन वर्षं सांगतेय की 'डी' म्हणू नका, आणि टीम मीटिंगमध्ये तिचं नाव मुद्दाम वेडंवाकडं म्हणून हशा पिकवला जातोय, तर ती नोंद वहीत आली पाहिजे.

आता जरा अवघड विषय. भेदभाव करणारा आपल्याच देशातला असला तरी कायद्याला फरक पडत नाही. मॅनेजर भारतीय आहे म्हणून भारतीयाला वंशभेदाची तक्रार करता येत नाही, असं मुळीच नाही. आणि जातीचं काय? इथल्या ऑफिसातही 'गाव कुठलं, पूर्ण नाव काय' या प्रश्नांमागे नेमकं काय चाचपलं जातंय ते आपल्याला कळतं, गोऱ्या एचआरला कळत नाही. २०१३ मध्ये संसदेने जातीचा कायद्यात समावेश करायचं ठरवलं होतं. २०१८ मध्ये सरकारने तसं करणार नाही असं जाहीर केलं. पण मधल्या काळात, २०१४ साली, एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलने म्हटलं की जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. म्हणजे दार बंद नाही. एचआरला ही गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागते, एवढी तयारी ठेवा.

आकडे बोलतात, पण कधी भलतंच बोलतात

वागणूक वेगळी आणि रंग वेगळा, एवढ्यावर प्रकरण उभं राहत नाही. आधी तुम्ही अशा गोष्टी दाखवायच्या, ज्यांवरून भेदभाव झाला असावा असं म्हणता येईल. त्या दाखवल्यावर ओझं मालकावर जातं आणि त्याला दुसरं, वंशाशी संबंध नसलेलं कारण सिद्ध करावं लागतं. ती पहिली पायरी तक्रारदारानेच चढायची, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

त्या पायरीसाठी तुलना लागते. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समधल्या आशियाई कामगारांच्या संपाची ठिणगी अशाच एका आकड्यावरून पडली. बोनस २०० यंत्रांनंतर मिळेल असं त्यांना सांगितलं जात होतं, करारात आकडा १६८ होता.

एका केअर होममधल्या दादांची खात्री होती की रात्रपाळ्या त्यांच्याच गळ्यात पडतात. सहा महिन्यांचे रोटे प्रिंट करून आम्ही टेबलावर मांडले. प्रत्येकाला एक रंग, रात्रपाळीला गोल, वीकेंडला फुली. तासाभराने कळलं की रात्रपाळ्या जवळजवळ सारख्याच आहेत. दादांचा चेहरा पडला. मग सहज म्हणून ट्रेनिंगचे दिवस मोजले. वरच्या ग्रेडसाठी जो कोर्स लागतो, त्यासाठी सोडलेल्यांत एकही भारतीय किंवा आफ्रिकन नव्हता, आणि अर्ज तर चौघांनी केले होते. राग एका जागी होता, पुरावा दुसऱ्याच जागी सापडला. तक्रारीत आम्ही रात्रपाळ्यांचा उल्लेखही केला नाही.

कंपनीकडे तुमच्याबद्दल जे कागद आहेत ते मागायचा हक्क तुम्हाला आहे. याला 'सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट' म्हणतात. पैसे लागत नाहीत, आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं (प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात). 'माझी सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नका. कुणाकुणाच्या मेलबॉक्समध्ये, कुठल्या तारखांदरम्यान, टीम्सवरचे मेसेज, मुलाखतीत दिलेल्या गुणांच्या शीट, असं मोजून मागा. आणि शोधायचे शब्द तुम्हीच द्या. ज्ञानदाचं नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात, त्यात 'डी' आणि आद्याक्षरं वेगळी. अधिकृत स्पेलिंगने शोधलं तर निम्मे मेसेज सापडणारच नाहीत, कारण पाठीमागे बोलताना कुणी पूर्ण नाव लिहीत नाही.

तुम्ही एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), काउन्सिल (स्थानिक पालिका) किंवा विद्यापीठात असाल तर माहितीच्या अधिकारासारखा 'एफओआय' अर्जही करता येतो. उत्तराला २० कामकाजाचे दिवस. इंग्लंडमधल्या एनएचएस ट्रस्टला (हॉस्पिटलं चालवणारी संस्था) तर २०१५ पासून वंशानुसार भरती, शिस्तभंगाच्या कारवाया वगैरेंचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. ते ट्रस्टच्या वेबसाइटवर असतात, वाचून ठेवा.

दोन गोष्टी करू नका. ऑफिसची कागदपत्रं घाऊक प्रमाणात स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, आणि पेशंटची किंवा ग्राहकाची माहिती तर अजिबात नाही. तक्रारदाराला काढून टाकायला कंपनीला इतकं सोयीचं कारण दुसरं मिळणार नाही. आणि चोरून रेकॉर्डिंग. ट्रिब्युनल ते कधी कधी ऐकून घेतं, पण बऱ्याच कंपन्यांत तो गैरवर्तनाचा गुन्हा ठरतो. मीटिंग संपल्यावर लगेच 'आपलं आत्ता असं बोलणं झालं' म्हणून एक ईमेल पाठवणं जास्त सुरक्षित. त्याचं खंडन समोरून आलं नाही, तर तोच पुरावा.

तक्रार: आधी तोंडी, मग लेखी

टोमणा एखाद्याच वेळचा असेल आणि माणूस बरा असेल, तर आधी सरळ बोला. लांबलचक भाषण नको. 'तुम्ही काल असं म्हणालात, मला ते चाललेलं नाही, पुन्हा म्हणू नका.' एवढंच. बोललात तेही वहीत लिहा. बोलायची भीती वाटत असेल किंवा तोच तुमचा मॅनेजर असेल, तर ही पायरी सोडून द्या, त्यात काही चुकत नाही. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' नावाची व्यक्तीही असते, तिच्याशी बोलता येतं.

लेखी तक्रारीला इथे ग्रीव्हन्स म्हणतात. आपली लोकं एकतर तीन ओळी लिहितात किंवा बारा पानं. दोन पानं लिहा. तारखेच्या क्रमाने, प्रत्येक घटनेला एक छोटा परिच्छेद. आणि 'रेस' हा शब्द, इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० चं नाव त्यात असू दे. भिडस्तपणामुळे लोक 'अन्याय', 'पक्षपात', 'वाईट वागणूक' लिहितात आणि मुख्य शब्द गाळतात. मग नंतर कंपनी म्हणते की वंशाबद्दल तक्रार आलीच नव्हती, आणि सूडापासूनचं संरक्षणही डळमळतं. शेवटी तुम्हाला काय हवंय ते लिहा: बदली त्याची की तुमची, प्रमोशनचा फेरविचार, माफी, ट्रेनिंग.

सुनावणीला सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी बरोबर न्यायचा तुमचा कायदेशीर हक्क आहे. एकटे जाऊ नका. प्रतिनिधीचं काम नोंदी घेणं आणि तुमचा आवाज चढला की पाच मिनिटांची विश्रांती मागणं. तक्रार फेटाळली तर अपील करा. ग्रीव्हन्सची पायरी उगाच टाळलीत, तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. कंपनीने प्रक्रिया पाळली नाही तर तेवढीच वाढू शकते.

झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जा आणि कामाच्या ठिकाणी काय चाललंय ते त्यांना सांगा. आधी स्वतःसाठी. पण ती नोंद पुढे कामालाही येते.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. हे मी दरवेळी सांगते, आणि दरवेळी कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी ईमेल टाकून मोकळं होतं.

व्हिसा

स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या लोकांची खरी भीती हीच असते, आणि मालकाला ती माहीत असते. तक्रार केल्याने किंवा ट्रिब्युनलमध्ये गेल्याने व्हिसा रद्द होत नाही. नोकरी संपली तर मात्र मालकाला होम ऑफिसला (गृहखात्याला) कळवावं लागतं, आणि मग होम ऑफिस सहसा ६० दिवसांची मुदत देतं. त्यात नवा स्पॉन्सर (व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक) शोधायचा, दुसरा व्हिसा घ्यायचा किंवा परत जायचं. म्हणून लढायचं ठरवतानाच दुसरी नोकरी शोधायला लागा. त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांना त्यांचा इमिग्रेशनचा दर्जा विचारा. 'तक्रार केलीस तर व्हिसा जाईल' अशी धमकी कुणी दिली, तर ती तारखेसह वहीत. भारतात परतल्यावरही दावा चालू ठेवता येतो. तिथून व्हिडिओवर साक्ष द्यायची असेल, तर ट्रिब्युनलला बरंच आधी कळवावं लागतं.

सोबत कोण

युनियनमध्ये असाल तर आधी तिथे जा. नसाल तर आजच व्हा, कारण सभासद होण्याआधी सुरू झालेल्या भांडणात बहुतेक युनियन हात घालत नाहीत. युनियनवर आंधळा विश्वास ठेवा असं मी सांगणार नाही. लेस्टरच्या त्या संपात कामगारांच्या स्वतःच्या युनियनने पाठ फिरवली होती. दोनच वर्षांनी लंडनच्या चॅप्टर रोडवर, आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिल भागात आहे तिथून जवळच, ग्रनविकच्या फोटो प्रोसेसिंग कारखान्यातल्या जयाबेन देसाई आणि इतर साडीतल्या बायका बाहेर पडल्या. १९७७ मध्ये त्यांच्या पाठीशी देशभरातून हजारो कामगार येऊन उभे राहिले. संप शेवटी १९७८ मध्ये हरला, पण युनियनांचा रंग तिथे बदलायला लागला. तुमच्या शाखेचा रंग कुठला आहे, ते प्रतिनिधीशी दहा मिनिटं बोललात की कळेल.

युनियन नसेल तर घरातल्या सामानाच्या विम्याचा कागद काढा. त्यात बऱ्याचदा कायदेशीर खर्चाचं कव्हर असतं आणि नोकरीचे वाद त्यात येतात. जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे असं त्यांच्या वकिलाला वाटावं लागतं. लोकांना हे माहीतच नसतं. त्याशिवाय मोफत सल्ला देणारी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, तुमच्या भागातलं लॉ सेंटर, आणि उत्पन्न कमी असेल तर भेदभावाच्या प्रकरणांसाठी सरकारी कायदेशीर मदत आहे, पण ती सल्ल्यापुरती, ट्रिब्युनलमध्ये तुमच्या वतीने उभं राहायला सहसा नाही.

अ‍ॅकास, ईटी-वन, आणि पुढे

अ‍ॅकासचा फॉर्म ऑनलाइन दहा मिनिटांत होतो. मालकाचं नाव पगाराच्या स्लिपवर आहे तसंच लिहा. दुकानावरची पाटी आणि कंपनीचं कायदेशीर नाव वेगळं असू शकतं. कंपनीबरोबरच त्या व्यक्तीवरही दावा करायचा असेल, तर तिच्यासाठी वेगळी नोंद आणि वेगळं सर्टिफिकेट लागतं. मग अ‍ॅकासचा माणूस दोन्हीकडे फोन करतो. तो न्यायाधीश नाही, तुमचा वकीलही नाही. त्याला तुम्ही सांगाल ते तो तिकडे पोचवतो, हे लक्षात ठेवून बोला.

समेट झाला नाही तर ईटी-वन हा ट्रिब्युनलचा अर्ज. त्याला फी नाही. २०१३ मध्ये सरकारने फी लावली होती, भेदभावाच्या दाव्याला सुनावणीपर्यंत १,२०० पौंड पडायचे. युनिसन ही युनियन त्याविरुद्ध लढली आणि जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदा ठरवली. हरलात तरी सहसा समोरच्याचा वकिलाचा खर्च तुमच्यावर येत नाही. वेडंवाकडं वागलात किंवा दाव्यात काहीच दम नसताना रेटलात तरच. अर्जात सगळे मुद्दे आत्ताच घाला, नंतर नवा मुद्दा घुसवणं कठीण. मालकाला उत्तराला २८ दिवस मिळतात. पुढे प्राथमिक सुनावणी, कागदांची देवाणघेवाण, पानांना आकडे घातलेलं बाड, साक्षीदारांची निवेदनं. मोठ्या शहरांत अंतिम सुनावणीला वर्ष-दोन वर्षंही जातात. इंग्रजीत साक्ष द्यायला जड वाटत असेल तर मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे तुम्हाला भरावे लागत नाहीत. केअर होममधल्या आमच्या एका मावशीने 'इंग्रजी येतं की मला' म्हणून नाही म्हटलं आणि पहिल्याच दिवशी तिला ते जाणवलं. कामापुरतं इंग्रजी वेगळं, उलटतपासणीचं वेगळं.

निकाल इंटरनेटवर कायम राहतो, नावासकट. पुढच्या नोकरीत कुणी शोधलं तर सापडतो. हे आधी घरच्यांशी बोलून घ्या.

पैशांचं म्हणाल तर बुडालेल्या पगाराला भेदभावाच्या दाव्यात वरची मर्यादा नाही. मनस्तापाच्या भरपाईचे तीन टप्पे आहेत, २००२ च्या एका निकालाच्या नावावरून त्यांना व्हेंटो बँड म्हणतात. ६ एप्रिल २०२५ पासून दाखल झालेल्या दाव्यांसाठी ते असे: १,२०० ते १२,१०० पौंड, १२,१०० ते ३६,४००, आणि ३६,४०० ते ६०,७००. एकाच घटनेला बहुधा खालचा टप्पा. आकडे दर एप्रिलला बदलतात. वर्तमानपत्रात येणाऱ्या लाखांच्या बातम्या डोळ्यांपुढे ठेवून तडजोड नाकारू नका.

कारण बहुतेक प्रकरणं शेवटपर्यंत जात नाहीत, मध्येच मिटतात. कंपनीने तडजोडीचा करार, म्हणजे सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट पुढे केलं तर तिथल्या तिथे सही नको. स्वतंत्र सल्लागाराने समजावून सांगितल्याशिवाय त्या कागदाला कायद्याने अर्थ नाही, आणि त्या सल्ल्याचे पैसे सहसा कंपनीच देते. विचाराला किमान दहा दिवस मिळावेत, अशी अ‍ॅकासची शिफारस आहे. रकमेवर सगळ्यांचं लक्ष असतं. मी आधी संदर्भपत्राचं कलम वाचते. मजकूर शब्दशः ठरवून कराराला जोडून घ्या, ते पत्र कोण देणार त्याचं पद लिहून घ्या, आणि नाव तपासा. ज्ञानदाच्या कराराचा पहिला मसुदा आला तेव्हा त्यात तिचं स्पेलिंग चुकलेलं होतं. तो आम्ही परत पाठवला.